शिवप्पांचं बाळंतपण

"दोनशे अकरा रिजेक्ट," मी फोनवर म्हणाले.

"एकूण किती होते?" पुण्याहून निखिलने विचारलं.

"नऊ हजारांच्या वर."

"मग सोडून द्या ना मॅडम. एवढे तर कुठेही जातात."

निखिल आमच्या कंपनीचा मालक. वयाने माझ्या भाच्याएवढा. मी चोपन्न वर्षांची. त्यामुळे तो मला मॅडम म्हणतो आणि मी त्याला निखिल. कंपनी हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनवते, आणि त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम माझ्याकडे आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा काढायचा आणि नव्यात घालायचा. घर बदलताना सामान हलवणारी माणसं येतात ना, तसं. काही फुटलं तर शिव्या आम्हाला. सगळं नीट पोहोचलं तर आमची आठवणही कोणी काढत नाही.

हे सोलापुरातलं एका ट्रस्टचं हॉस्पिटल. मुख्यतः बाळंतपणं. मला रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात टेबल दिलं होतं. शेजारी जुना कॉम्प्युटर, ज्याचा पंखा वाळूवर सायकल चालवल्यासारखा आवाज करायचा. तो बंद पडायच्या आत त्याच्यातलं सगळं बाहेर काढायचं आणि सोमवारी सकाळी नवं सॉफ्टवेअर सुरू करायचं, असं ठरलं होतं. ही गोष्ट शनिवार सकाळची.

आधी ते रिजेक्ट म्हणजे काय, ते सांगते. अवघड नाही.

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे रकाने आखलेली वही. या हॉस्पिटलच्या दोन वह्या महत्त्वाच्या. पहिली पेशंटची. तिच्यात नंबर, नाव, गाव, वय. दुसरी बाळंतपणाची. तिच्यात तारीख, नॉर्मल की सिझर, बाळाचं वजन, डॉक्टरांचा शेरा. या दुसऱ्या वहीत बाईचं नाव नसतं. फक्त पेशंट नंबर असतो. नाव हवं असेल तर तो नंबर घेऊन पहिल्या वहीत बघायचं. एकच नाव दहा ठिकाणी लिहिलं की दहा प्रकारे चुकतं, म्हणून ही पद्धत.

आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक नियम घालतो. बाळंतपणाच्या वहीत जो नंबर लिहाल, तो पेशंटच्या वहीत असलाच पाहिजे. नसेल तर ओळ आत घेणार नाही. या नियमाला फॉरेन की म्हणतात. म्हणून डेटा भरताना क्रम पाळावा लागतो. आधी पेशंट, मग बाळंतपणं. ज्या ओळीचा पेशंट सापडत नाही, ती दाराबाहेर राहते. तिला आमच्या धंद्यात ऑर्फन म्हणतात, म्हणजे अनाथ.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असा नियमच नव्हता. कोणीही काहीही टाइप करावं, ते मुकाट्याने गिळायचं. त्यामुळे माझ्यासमोर दोनशे अकरा अनाथ ओळी उभ्या होत्या.

एरवी मीही निखिलसारखंच म्हणाले असते. जुन्या डेटात थोडा कचरा निघतोच. ट्रायल म्हणून भरलेल्या ओळी असतात, दोनदा भरलेल्या असतात, चुकीचं बटण दाबून झालेल्या असतात. त्यांची यादी करायची, ग्राहकाची सही घ्यायची, पुढे जायचं. पण मला गुरुवारची एक गोष्ट टोचत होती.

गुरुवारी बिराजदार सर रेकॉर्ड रूममध्ये आले होते. ते इथले मुख्य डॉक्टर. उंच, शांत, मोजकं बोलणारे.

"मॅडम, जुना डेटा तुमच्याकडेच आहे ना? एक पेशंट शोधून द्या."

"नाव सांगा सर."

"महादेवी. वळसंगची. आठवा महिना संपत आलाय. पहिलं सिझर सहा वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलमध्ये झालं म्हणते. रिसेप्शनला सापडत नाही. डिस्चार्ज कार्ड हरवलंय."

मी नावाने शोधलं. वळसंग गावाने शोधलं. नवऱ्याच्या नावाने शोधलं. नाही सापडली.

"नसेल सर. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये झालं असेल."

"ती इथंच म्हणते. खिडकीतून लिंबाचं झाड दिसायचं म्हणते."

लिंबाचं झाड मलाही दिसत होतं. पण डेटाबेसमध्ये झाडाचा रकाना नसतो.

"कागद बघितले तर?" मी विचारलं.

"रेकॉर्ड रूममध्ये पाईप फुटला होता तेव्हा त्या वर्षांचे कागद लगदा होऊन गेले. ऑपरेशन केलेले डॉक्टरही आता हयात नाहीत. जे काही आहे ते या डब्यात." त्यांनी जुन्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

मग त्यांनी मला एक गोष्ट समजावली, जी मला दोन मुलं होऊनही माहीत नव्हती. सिझरमध्ये दोन छेद असतात. एक वरचा, पोटाचा. तो बाहेरून दिसतो. दुसरा आतला, गर्भाशयाचा. वरचा आडवा असला म्हणजे आतला आडवाच असेल असं नाही. बहुतेक वेळा असतो. पण बाळ अवघड स्थितीत असेल तर आतला छेद कधी कधी उभा घ्यावा लागतो. आतला आडवा असेल तर पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. उभा असेल तर कळासुद्धा येऊ द्यायच्या नाहीत. कळांच्या जोराने आत शिवण उसवते आणि मग आई आणि बाळ दोघंही हातचे जाऊ शकतात.

"तिला नॉर्मल हवंय," सर म्हणाले. "सासूलाही. गावाजवळच्या एका छोट्या प्रसूतिगृहात नाव घालणार म्हणतात. तिथं ऑपरेशनची सोय नाही. सोमवारी परत दाखवायला बोलावलंय. तेव्हा मला हो किंवा नाही सांगायचंय."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर अंदाज," ते म्हणाले. "मला अंदाज आवडत नाही."

मलाही आवडत नाही. त्यामुळे शनिवारी निखिल सोडून द्या म्हणाला तेव्हा माझं डोकं सटकलं. माझं तसं लवकरच सटकतं.

"निखिल, या दोनशे अकरा बायकांची बाळंतपणं आहेत."

"मॅडम, पेशंटच नाही त्यांना. मग बायका कुठून आल्या?"

तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर होतं. म्हणून आणखी राग आला.

"बरं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "फॉरेन की चेक बंद करा. ओळी आत टाका. परत चालू करा. झालं."

असं करता येतं. एका ओळीची कमांड आहे. दारावरच्या वॉचमनला चहा प्यायला पाठवायचं आणि तेवढ्यात सगळ्यांना आत घ्यायचं. पण आत आलेल्या ओळींना तेव्हाही पेशंट नसतोच. त्या आत असून कोणाला सापडत नाहीत. रिजेक्ट यादी निदान डोळ्यांसमोर असते.

"नको," मी म्हणाले.

"मग नंबर बघा ना काय आहेत ते. काहीतरी पॅटर्न असेल."

हे मात्र तो शहाण्यासारखं बोलला. मी नंबर बघितले. पॅटर्न होता, आणि चांगला ठळक होता. प्रत्येक नंबराच्या शेवटी एक डॅश आणि इंग्रजी एल. ४१२७-एल. ३०५-एल. ६६१८-एल. सगळ्या दोनशे अकरांना. बाकी नऊ हजारांत एकालाही नाही.

"एल काढून टाका," निखिल लगेच म्हणाला. "टायपिंग करणाऱ्याची काहीतरी सवय असणार. मूळ नंबर आहेत का पेशंटच्या टेबलमध्ये?"

मी तपासलं. होते. सगळे होते.

"बघा! मिळाले की आईबाप. करा इम्पोर्ट आणि जेवायला जा."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? पण मी मुख्य डेटाबेसला एकदम हात लावत नाही. आधी त्याची एक कॉपी करते आणि प्रयोग तिच्यावर. तीस वर्षांत लागलेल्या सवयींपैकी ही एक बरी. कॉपीत मी एल उडवला आणि इम्पोर्ट चालवला. एकही ओळ अडली नाही. रिजेक्ट शून्य. फॉरेन की खूश. मग सहज बघावं म्हणून पहिलं नाव उघडलं.

शिवप्पा. राहणार दुधनी. पुरुष. वय त्या वेळी एकसष्ट. सिझेरियन. मुलगा, वजन दोन किलो शंभर.

दुसरं उघडलं. मल्लिनाथ. पुरुष, अठ्ठावन्न. नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी.

तिसऱ्या पेशंटला हर्नियाचं ऑपरेशनही होतं आणि जुळंही झालं होतं.

मी एकटीच रेकॉर्ड रूममध्ये मोठ्याने हसले. बाहेरून एका नर्सने डोकावून बघितलं. मग हसू ओसरलं. कारण नियमाने सगळं बरोबर होतं. फॉरेन की एवढंच विचारते, या नंबरचा पेशंट आहे का? आहे. तो बाळंत होऊ शकतो का, हे ती विचारत नाही. मी कॉपी केली नसती तर सोमवारपासून दुधनीचे शिवप्पा कायमचे बाळंत झालेले असते, आणि ज्या बाईचं ते बाळंतपण होतं ती कोणालाच कधी सापडली नसती.

मी बिराजदार सरांच्या ओपीडीत गेले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात शिरले आणि शिवप्पांचं सांगितलं. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "शांताक्कांना विचारा. तेव्हाचं रजिस्टर त्यांच्याच हातचं. तीन वर्षं झाली रिटायर होऊन, पण जवळच राहतात. मी फोन करतो."

शांताक्का अर्ध्या तासात रिक्षाने आल्या. ठेंगण्या, कपाळावर विभूती, हातात स्टीलचा डबा. इथं चाळीस वर्षं सिस्टर होत्या. मला न विचारता त्यांनी डबा उघडून माझ्यासमोर शेंगापोळी ठेवली आणि म्हणाल्या, "आदी खावा. तोंड सुकलंय तुमचं. मग काय ते इचारा."

मी खात खात स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "अक्का, या दोनशे अकरा ओळी. यांना पेशंटच सापडत नाही. बेवारस आहेत."

त्यांनी चष्मा लावला. बोट स्क्रीनवर टेकवून वरून खाली नेलं. आणि शाळेत गृहपाठ विसरल्यावर बाई बघायच्या, तसं माझ्याकडे बघितलं.

"बेवारस कुटं? ह्या लेकी हायत की."

"म्हणजे?"

"म्हंजे म्हायेराला आलेल्या लेकी. पैलं बाळंतपण म्हायेरालाच करत्यात न्हवं? बाप घिऊन यायचा. त्या घरचा नंबर हितं असायचाच. कुणाचा बाप ॲडमिट झाल्याला, कुणाची आय. मग त्याच नंबराला एल लावायचं. एल म्हंजे लेक."

मी पोळी खाली ठेवली.

"पण अक्का, तिला तिचा स्वतःचा नंबर का नाही दिला?"

"नवीन पेशंटाला नवीन नंबर. लेक काय नवीन हाय व्हय? लानपणी गोवर झाला तवा हितंच आणल्याली असायची बापानं."

"निदान नाव तरी लिहायचं."

"कुटलं नाव लिवू?" आता त्यांचाही आवाज चढला. "लग्नात नाव बदलतंय. सासू म्हणणार, आमचं लिवा. आय म्हणणार, आमचं लिवा. दोगीबी काउंटरवर भांडायच्या आनि पोरगी कळा देत उबी. एकदा तर दोन नावं लिवून तिसरीच सही झाली. तवा आमी ठरवलं, नावाची भानगडच नको. बापाचा नंबर काय बदलत न्हाय."

आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की नाव, पत्ता, फोन अशा बदलणाऱ्या गोष्टींवर कधी नातं बांधू नये. जे बदलत नाही त्यावर बांधावं. शांताक्कांनी ते पुस्तक न वाचताच केलं होतं. फक्त त्या एलचा अर्थ त्यांच्या डोक्यात राहिला आणि डोकं घेऊन त्या रिटायर झाल्या.

खरी लाज मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. माझं माहेर माढा. माझा थोरला तिथंच झाला, आईकडे. दवाखान्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्यांच्याच नावाचा जुना केसपेपर पुढे केला होता आणि तिथल्या बाईंनी कोपऱ्यात 'मुलगी' असं लिहून आत पाठवलं होतं. मी स्वतः अशी एक ओळ होते. आणि सकाळपासून दोनशे अकरा वेळा एल बघून माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. अक्कांना मी हे सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "कंप्युटरमंदी बसलं की बाईला म्हायेर इसरतंय."

आता महादेवी. ती लेक होती हे उघड होतं. पण कोणाची? रिसेप्शनच्या फॉर्मवर 'पती/वडील' असा एकच रकाना होता आणि त्यात नवऱ्याचं नाव भरलेलं. मी फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला. नवऱ्याने उचलला आणि तिला दिला.

"महादेवीताई, हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या वडलांचं नाव काय?"

"का वो? काय झालं अप्पांना?" ती एकदम घाबरली.

"काही नाही झालं, फक्त नाव..."

"कुटं हायत ते? कुणी आणलंय दवाखान्यात?"

मी आणखी काही बोलायच्या आत शांताक्कांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि कानडीत सुरू झाल्या. "निम्म अप्पन हेसरु एनव्वा?" वडलांचं नाव विचारलं एवढं मला कळलं. पुढे बरंच काही झालं. मध्ये हसणंही झालं. मग अक्कांनी फोन हाताने झाकून मला सांगितलं, "शिवप्पा. दुधनीचे."

सकाळी मी ज्यांना हसले, तेच हे शिवप्पा.

त्यांचा नंबर ४१२७. मी ४१२७-एल शोधलं. ओळी दोन निघाल्या. दोन्ही सिझर.

"अक्का, विचारा, हिला बहीण आहे का?"

होती. थोरली. तिचंही पहिलं बाळंतपण इथंच झालं होतं. आता दोन लेकींना एकच नंबर होता आणि ओळींत नावं नव्हती. एका ओळीत डॉक्टरांचा शेरा कोरा होता. दुसऱ्या ओळीत होता. तो मी मनात वाचला. आधी ती ओळ कोणाची हे पक्कं व्हायला हवं होतं.

"बाळ कधी झालं विचारा. दोघींचंही."

शांताक्कांनी विचारलं. फोनवरून महादेवीचा आवाज मलाही ऐकू आला. या वेळी ती मराठीत बोलली, बहुतेक मला कळावं म्हणून. "थोरल्या आक्काचं आखाडात. माजं संक्रांतीच्या टायमाला वो. गड्ड्याची जत्रा चालू होती. यिताना रिक्षाच मिळंना, अप्पांनी टमटम थांबवून आणलं मला. आनि माजा टाका आडवाच हाय बगा, समद्यांवानी. नारमल होतंय की माजं?"

एका ओळीची तारीख जुलैमधली. दुसरीची जानेवारीतली, बरोबर जत्रेच्या दिवसांतली. शेरा जानेवारीच्या ओळीला होता. खात्री म्हणून मी बाळाचं वजन विचारलं. "दोन किलो शंबर. लई बारीक होतं," ती म्हणाली. स्क्रीनवर तेच होतं.

शेरा असा होता. बाळ आडवं. आतला छेद उभा. पुढच्या वेळी कळा येऊ देऊ नयेत.

मी अक्कांना बोट ठेवून दाखवला. त्यांनी वाचला. आवाजात काहीही बदल न करता त्या फोनवर म्हणाल्या, "महादेवव्वा, आजच्या आज नवऱ्याला घिऊन हिकडं ये. कापडं घिऊन ये. अप्पांना मी कळवते." आणि फोन ठेवला. मग खुर्चीत बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

मी स्क्रीनचा फोटो काढून ओपीडीत गेले. या वेळी पेशंट असतानाच आत शिरले. सरांनी फोटो बघितला, तारीख बघितली, परत शेरा बघितला.

"हीच याची खात्री?"

"वडलांचा नंबर, सणाचा महिना, बाळाचं वजन. तिन्ही जुळतात."

"सोमवारी नको. आजच बोलवा."

"अक्कांनी बोलावलंय."

"मग झालं," सर म्हणाले, आणि समोरच्या पेशंटची माफी मागून त्यांनी दोन मिनिटं नुसती खुर्चीला पाठ टेकली.

दुपारी मी माझं काम पुरं केलं. पेशंटच्या टेबलात एक नवा रकाना वाढवला. नाव दिलं 'माहेरचा नंबर'. तोही फॉरेन की, पण त्याच टेबलाकडे परत बघणारा. म्हणजे लेकीच्या ओळीने बापाच्या ओळीकडे बोट दाखवायचं. ज्यांना लागू नाही त्यांच्यासाठी तो रिकामा ठेवायची मुभा. मग प्रत्येक एलसाठी पेशंटची एक नवी ओळ तयार केली. स्त्री, माहेरचा नंबर अमुक, नाव अजून माहीत नाही. शिवप्पांच्या घरासारखी जिथं दोन बाळंतपणं होती, तिथं दोन ओळी. भरायचा क्रम आता तीन पायऱ्यांचा झाला. आधी बाप, मग लेक, मग लेकीचं बाळंतपण. काही नंबरांपुढे बापाचं नावच कोरं होतं. ती नावं अक्कांना विचारून भरली. चौदा घरं त्यांनी जुनी बिलं न बघता, नुसत्या नंबरावरून सांगितली.

चारच्या सुमाराला इम्पोर्ट चालवला. रिजेक्ट शून्य. सकाळीही शून्यच आला होता, म्हणून या वेळी मी पन्नास ओळी उघडून बघितल्या. एकही पुरुष बाळंत झालेला नव्हता.

निखिलला फोन केला. "झालं. फक्त एक रकाना वाढवलाय."

"कुठला?"

"माहेरचा नंबर."

"मॅडम, आपल्या स्टँडर्ड डिझाइनमध्ये असं नाही बसत."

"तुझं पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

"माझं?"

"तुझ्या बायकोचं रे."

"नगरला. तिच्या आईकडे." मग तोच म्हणाला, "ठीक आहे. राहू द्या."

महादेवी संध्याकाळी पाचच्या आत आली. सासू बरोबर होती आणि तोंड पाडून होती, कारण तिला नॉर्मलच हवं होतं. बिराजदार सरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून दोघींना आतला छेद दाखवला. सासूने चित्र दोनदा फिरवून बघितलं आणि विचारलं, "हे समदं कंप्युटरमंदी लिवलं होतं? मग एवढे दिवस का सापडलं न्हाय?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी लिंबाच्या झाडाकडे बघितलं.

तिला ॲडमिट करून घेतलं. बाळाला जेवढे दिवस आत ठेवता येतील तेवढे ठेवले आणि एकही कळ यायच्या आत, ठरवून, दिवसा सिझर केलं. मुलगी झाली. मी तेव्हा सुरुवातीच्या तक्रारी निस्तरायला तिथंच होते. नवीन सॉफ्टवेअर आलं की महिनाभर तक्रारी असतात. ऑपरेशन झाल्यावर सर रेकॉर्ड रूमच्या दारात आले.

"आतली जुनी शिवण जागोजागी पातळ झाली होती. आरपार दिसत होतं. कळा सोसल्या नसत्या तिला." ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि चांगली पाच मिनिटं रडले. सुटल्यासारखं वाटत होतं. दोनशे अकरा म्हणजे किती किरकोळ, असं त्या शनिवारी सकाळी मीसुद्धा क्षणभर मानलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. खाटेशेजारी पांढरा सदरा घातलेले एक आजोबा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. महादेवीने ओळख करून दिली, "हे माजे अप्पा. शिवप्पा."

मी नमस्कार केला. हसू दाबताना मला फार त्रास झाला. शेजारी उभ्या असलेल्या शांताक्कांना तो झाला नाही. त्यांनी सगळी हकीकत कानडीत, हातवारे करून त्यांना सांगितली. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला मराठीत विचारलं, "मग माज्या नावावरचं बाळंतपण काडलं का न्हाय?"

"काढलं हो अप्पा. सगळं लेकीच्या नावावर केलं."

"बरं केलं," ते म्हणाले. "पर नंबर ऱ्हाऊ द्या. पुडं हिलाबी लागंल." आणि मांडीवरच्या नातीकडे बघितलं.

तेव्हापासून मी रिजेक्ट यादी पुसण्याआधी एक काम करते. ती छापून त्या जागेच्या सगळ्यात जुन्या बाईला नेऊन दाखवते, मग ती सिस्टर असो, स्वयंपाकीण असो की झाडूवाली. निखिलने ते आमच्या चेकलिस्टमध्ये रीतसर लिहिलंय. अनाथ दिसणाऱ्या ओळी बहुतेक कुठेतरी नांदायला गेलेल्या असतात. फक्त आपण त्यांचं माहेर विचारलेलं नसतं.